उपाशी पोटी

तमिळमध्ये 'कै' म्हणजे हात. हे मला माहीत नसताना मी चेन्नईत रक्त काढायच्या नोकरीला लागलो आणि सुरुवातीला माझं एकदम झकास चाललं. समोरचा माणूस तमिळमध्ये काहीतरी बोलायचा, मी गोंधळून "काय?" म्हणायचो, आणि तो निमूटपणे हात पुढे करायचा. काउंटरवरच्या विजया अक्कांना वाटलं, पोरगं बार्शीहून येतानाच भाषा शिकून आलंय. मग एक दिवस नुसता रिपोर्ट न्यायला आलेला माणूस काहीतरी विचारत माझ्यासमोर बसला. मी "काय?" म्हणालो, त्याने बाही वर केली. मी दंडाला पट्टा बांधला तेवढ्यात अक्का धावत आल्या, म्हणून तो वाचला. त्या दिवशी माझं तमिळ सगळ्या लॅबला कळलं.

आमची लॅब पेरुंगुडीत. मी गेलो तेव्हा तिथला रस्ता कायम खणलेला असायचा आणि दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यात कॉम्प्युटरवाली पोरं, आणि त्या पोरांनी गावाकडून आणलेले आईबाप. शाळेतला माझा एक मित्र ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, "खोलीत एक गादी रिकामी आहे, ये." सोलापुरात लॅबचा डिप्लोमा केलेला, हातात दुसरं काही नव्हतं. आलो.

काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सकाळी उजाडलं की बर्फाचा डबा मोटारसायकलला लावायचा आणि घरोघर जाऊन रक्त गोळा करायचं. साखरेसाठी करड्या झाकणाची नळी, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडसाठी पिवळ्या झाकणाची. लॅबमध्ये आणून ती नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची. तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी राहतं, त्याची तपासणी. लोकांना वाटतं शीर डोळ्यांनी शोधतात. नाही. शीर बोटाला लागते. डोळे मोकळे असतात, ते माणूस बघायला वापरायचे.

मला नकलांची खोड लहानपणापासूनची. पण नक्कल म्हणजे आवाज काढणं असं ज्यांना वाटतं त्यांना ती कधी जमत नाही. माणूस बसतो कसा, उठतो कसा, घोट घेतल्यावर तोंडाचं काय करतो, ते आधी उचलायचं. आवाज मागून आपोआप येतो. सुई टोचताना मी पेशंटशी त्याच्याच ढंगात बोलायचो. ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, सुईकडे नाही. एक सहा फुटी सॉफ्टवेअर इंजिनिअर रक्त बघून दरवेळी आडवा व्हायचा. त्याला मी त्याच्याच मॅनेजरची नक्कल करून दाखवायला लागलो. मॅनेजरचं रक्तही मीच काढायचो, त्यामुळे माल ताजा असायचा. पठ्ठ्याची हसता हसता नळी भरायची.

मराठी पेशंट आला की अक्का माझ्याकडे ढकलायच्या. "उन आळु," म्हणायच्या, म्हणजे तुझा माणूस. असाच एक माझा माणूस वेळाचेरीहून आला, रेल्वेतून रिटायर झालेले काका. कोलेस्टेरॉलची तपासणी होती. अक्कांनी फोनवर बजावलं होतं, बारा तास फास्टिंग करून या. मी रक्त फिरवलं तर वरचं पाणी पिवळं सोडाच, ताकासारखं पांढरं. मी बाहेर येऊन विचारलं, "काका, काही खाल्लंत का?"

"छे. उपास होता ना."

"सकाळी काहीच नाही?"

"सकाळी साबुदाण्याची खिचडी. रताळ्याचा कीस. दोन केळी." मग जरा दुखावल्यासारखे झाले. "तुपात केली होती रे सगळी. तेलाचा थेंब नाही. आम्ही उपास कडक करतो."

मी अक्कांना हे तमिळमध्ये समजावायला गेलो. उपासाच्या दिवशी मराठी माणूस जास्त जेवतो, हे त्यांना काही केल्या पटेना. पुढच्या वेळी काका खरंच उपाशी आले आणि रिपोर्ट चांगला निघाला. हा किस्सा मी बरीच वर्षं खपवला.

पण 'उपास' हा हसून सोडून देता येईल असा शब्द नाही, हे मला सुशीला काकूंकडे कळलं.

काकू लातूरच्या. मिस्टर वारलेले. मुलगा निखिल आणि सून प्राची दोघं शोळिंगनल्लूरला एकाच कंपनीत, घर आमच्या लॅबच्या मागच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. प्राचीची बाळंतपणाची रजा संपली तशी सईला सांभाळायला काकूंना आणलं. सई तेव्हा पाचेक महिन्यांची, गुबगुबीत, दिसेल त्याचा चष्मा ओढणारी. दिवसभर घरात ती आणि काकू, दोघीच.

काकूंना थायरॉइड होता, म्हणजे कमी पडणारा, ज्यात सगळं शरीर सुस्तावतं. शिवाय कोलेस्टेरॉल वाढलेलं. लातूरच्या डॉक्टरांनी दोन्हीच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि आकडे हटेनात म्हणून दोन्ही गोळ्या वाढवत नेल्या होत्या. आता इथे आमच्या शेजारच्या क्लिनिकमधल्या डॉक्टर मॅडमना दाखवायचं ठरलं, म्हणून मी रक्त घ्यायला गेलो.

"बार्शीचा का तू?" काकू म्हणाल्या. "मग हळू टोच. आपल्याकडची माणसं दांडगी असतात."

"काकू, मी दांडगा असतो तर पोलिसात नसतो का गेलो?"

त्या हसल्या. मग नळी भरत असताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "तूप सोडलं. चीज का काय ते असतं, ते तर कधी खाल्लंच नाही. आता चेन्नईत राहून खोबरंही सोडलं. तरी हे मेलं उतरत नाही. निखिलला वाटतं मी चोरून खाते."

"खाता?"

"खाल्लं असतं तर निदान चव तरी लागली असती." आणि पाळण्याकडे बघत, "हे असंच राहिलं तर हे लोक मला परत पाठवतील. तिथे जाऊन काय भिंतींशी बोलू?"

कापूस दाबून झाल्यावर त्या उठल्या, माझ्यासाठी कॉफी केली, स्वतःही घेतली, सकाळच्या गोळ्या उरकल्या. मी पुढच्या घरी गेलो.

रिपोर्ट वाईट आला. थायरॉइड कमी पडला की टीएसएच चढतो, तो चढलेला, कोलेस्टेरॉल त्याहून चढलेलं. निखिल आईला घेऊन मॅडमकडे गेला. मॅडमना मराठी येत नाही, काकूंना इंग्रजी येत नाही, मधे निखिल. मॅडमनी विचारलं, थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेतात का? निखिलने विचारलं, "आई, उपाशी पोटीच घेतेस ना?" काकू म्हणाल्या, "हो तर. पोटात अन्नाचा कण नसतो." निखिलने सांगितलं, येस. मॅडमनी काही दिवसांनी परत बोलावलं, आणि तोवर आहेत त्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या.

दुपारी डबा खाल्ल्यावर विजया अक्कांसमोर माझा एक कार्यक्रम व्हायचा, सकाळच्या पेशंटांचा. त्या दिवशी मी गोळ्या घेणारी माणसं केली. एक जण गोळी घशात फेकतो आणि मान घोड्यासारखी झटकतो. एक बाई गोळीचे चार तुकडे करते आणि प्रत्येकाला नमस्कार करते. मग काकू केल्या. डावा हात मांडीवर, उजवा टेबलावर, अर्ध्यात "आई गं" गिळून टाकत उठणं, पाय न उचलता ओट्यापर्यंत जाणं. सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर, तळहात तोंडाला, वर स्टीलच्या पेल्यातून मोठा घोट, आणि शेवटी जीभ टाळूला लावून 'टक्'.

अक्का हसत होत्या. मागून आवाज आला, "तंबी, शेवटचं परत कर." तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

डॉक्टर मॅडम. रिपोर्ट न्यायला आल्या होत्या, दारात उभ्या. मला वाटलं, गेली नोकरी.

"सॉरी मॅडम."

"सॉरी नको. ते शेवटचं. पेला आणि नंतरचं."

मी केलं. उठणं, घोट, टक्.

"त्या पेल्यात काय होतं?"

मला सांगता येईना. स्टीलचा पेला, आतलं कुठे दिसतं? मी म्हणालो, "पाणी असेल."

"पाणी पिऊन कोण असा आवाज काढतं? तू पितोस का असं पाणी?" मॅडम म्हणाल्या. "आणि हा आवाज तू त्यांचा ऐकलास, की गंमत म्हणून घातलास?"

हा प्रश्न वाईट होता. नकलाकार थोडं मीठ घालतोच. पण तो 'टक्' माझा नव्हता. कॉफी गरम होती, गोड होती, आणि काकूंनी ती चवीने घेतली होती. माझ्या जिभेला ते कळलं होतं, डोक्याला नव्हतं.

"ऐकला," मी म्हणालो.

"आणि उठताना मांडीवर हात? तोही त्यांचाच?"

"त्यांचाच."

नकलेतल्या काकू मॅडमनी ओळखल्या होत्या. त्यांनी निखिलला फोन करायला लावला. संध्याकाळी निखिल काकूंना घेऊन परत आला, आणि या वेळी मधे मला बसवलं. मॅडम म्हणाल्या, "विचार त्यांना, गोळी कशाबरोबर घेतात."

मी विचारलं. काकू म्हणाल्या, "कॉफीबरोबर. लातूरला चहाबरोबर घ्यायचे. नुसत्या पाण्याने मळमळतं रे मला."

निखिल म्हणाला, "आई, तू उपाशी पोटी घेते म्हणालीस ना?"

"मग? उपाशी पोटीच की. कॉफी म्हणजे काय खाणं आहे? चतुर्थीला चालते, एकादशीला चालते, आणि गोळीला चालत नाही?"

आमच्या घरी माझी आईसुद्धा चहा पिऊन "सकाळपासून काही पोटात नाही" असंच म्हणते. हे मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, आमच्या घरीही कॉफीला कुणी खाणं म्हणत नाही, मीच पेल्याबद्दल वेगळं विचारायला हवं होतं.

मग त्यांनी समजावलं आणि मी मराठी केलं. ही थायरॉइडची गोळी भारी नखरेल. दूध, कॉफी, कॅल्शियमची गोळी, यातलं काहीही सोबत असलं की ती अंगात नीट शिरतच नाही. काकू तर कॅल्शियमही त्याच घोटात घेत होत्या, विसरायला नको म्हणून. म्हणजे थायरॉइड मंदच राहिला. आणि तो मंद असला की लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलायचा आळस करतं. "कुप्पै लॉरी," मॅडम म्हणाल्या. कचऱ्याची गाडी. "गल्लीत गाडी येत नाही म्हणून कचरा साचला, तर लोकांनी स्वयंपाक बंद करायचा का? आधी गाडी सुरू करायची."

इथवर सगळं छान होतं. मग मॅडम म्हणाल्या, "आता ते उठणं दाखव."

"मॅडम, त्या इथेच बसल्यात."

"म्हणूनच."

मी उठलो. मांडीवर हात, टेबलावर हात, अर्ध्यात गिळलेलं "आई गं". चार पावलं पाय घासत चाललो. निखिल आधी हसला. मग हसायचा थांबला.

"आई, तू अशी उठतेस?"

"ह्याला काय, नकला करायचा पगार मिळतो," काकू म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मॅडमनी विचारलं, मांड्या आणि दंड दुखतात का, जिना चढताना पाय भरून येतात का. काकूंनी थोडं थोडं करत सगळं हो म्हटलं. थायरॉइड कमी असताना कोलेस्टेरॉलची जोरदार गोळी चालू असली की स्नायू असे दुखू शकतात, हे मॅडमनी सांगितलं आणि मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. पुढचा प्रश्न सांगताना मात्र मी अडखळलो.

"बाळाला उचलताना?"

काकूंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "उभ्याने नाही घेत. पलंगावर बसून घेते." आणि मग, "एकदा बाथरूममधून आणताना गुडघे गेले. तिला काही झालं नाही. पडले नाही मी. बसले."

"कधी?" निखिल म्हणाला.

"पडले नाही म्हटलं ना. बसले."

मॅडमनी कोलेस्टेरॉलची गोळी तूर्त थांबवली. स्नायूंची तपासणी लिहून दिली. थायरॉइडच्या गोळीचा डोस उलट कमी केला, कारण तो कॉफीत बुडवून घ्यायच्या हिशेबाने वाढत गेला होता. आता सगळा अंगी लागला तर छाती धडधडली असती. गोळी फक्त पाण्याबरोबर, नंतर तासभर काही नाही, कॅल्शियम रात्री. सहा आठवड्यांनी परत रक्त.

स्नायूंच्या तपासणीसाठी काकूंनी माझ्यापुढे हात केला तो एक शब्द न बोलता. मीही त्या दिवशी कुणाचा आवाज काढला नाही. शीर पटकन लागली.

माझ्याकडून एक गोंधळ मात्र झालाच. निघताना मी जास्त शहाणपणा करून म्हणालो होतो, "काकू, साधा उपास नाही, निर्जळी समजा." दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये फोन. "अरे, गोळी घशात अडकलीय. पाणी चालेल का?" मी म्हणालो, पाणी पाहिजेच. "मग निर्जळी कशाला म्हणालास मेल्या," आणि फोन ठेवला. निदान बोलल्या, एवढंच माझं समाधान.

घरात काय झालं ते मला निखिलने सांगितलं. प्राचीने सईला खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात घातलं. मला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही. सहा महिन्यांचं पोर, आणि गुडघे कधी जातील त्याचा नेम नसलेली सासू. काकूंचं लातूरचं रिझर्व्हेशनही निखिलने करून टाकलं. काकू त्यावर एवढंच म्हणाल्या की दुसरा रिपोर्ट बघा, मग मी आपण होऊन जाईन. त्यामुळे तारीख रिपोर्टनंतरची घेतली.

म्हणजे मी नक्कल केली नसती तर गोळीचं कळलं नसतं. आणि केली म्हणून काकूंच्या हातातून पोर गेलं. याचा हिशेब मी लावून बघितला, लागत नाही. अक्का म्हणाल्या, "विडु पा," म्हणजे सोड. तेव्हापासून दुपारचा कार्यक्रम मी जरा आवरता घेतला. मॅनेजर चालू ठेवला.

दुसऱ्या रिपोर्टात चमत्कार वगैरे नव्हता. टीएसएच बराच खाली आला होता, कोलेस्टेरॉल काहीही न घेता उतरलं होतं, पण हवं तेवढं नाही. रक्त घ्यायला गेलो तेव्हा काकू खुर्चीतून उठल्या त्या एकाच हाताने टेबल धरून. मांडीवर हात नव्हता. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. रिपोर्ट वाचून मॅडम निखिलला म्हणाल्या, गाडी सुरू झालीय, साचलेला कचरा उचलायला वेळ लागेल. निखिलने रिझर्व्हेशन रद्द केलं. सई मात्र पाळणाघरातच राहिली.

पुढे मॅडमनी कोलेस्टेरॉलची गोळी परत सुरू केली, अगदी लहान डोसची. थायरॉइड ताळ्यावर आल्यावर ती काकूंना सोसली. एवढं तूप सोडून शेवटी गोळी लागलीच, याचं काकूंना वाईट वाटलं. मॅडम म्हणाल्या, काही घराण्यांत असतं तसं. काकूंनी ते सासरच्या माथी मारलं, रक्ताचा संबंध नसताना.

त्यानंतर कधीतरी, सई वर्षाची होऊन गेल्यावर, मी परत त्यांच्याकडे गेलो. तेव्हा दुपारनंतर पाळणाघरातून तिला काकूच आणायच्या. त्या दिवशी रविवार होता, सगळे घरी. मी रक्त काढलं, कापूस दाबला. सई पायाशी घोटाळत होती. काकूंनी वाकून तिला उचललं आणि सरळ उभ्या राहिल्या. टेबलाला हात लागला नाही. निखिल पेपर खाली करून बघत होता, प्राची स्वयंपाकघराच्या दारात आली.

सईने दोन्ही हातांनी काकूंच्या छातीला रेटा दिला. "खायी," म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"खाली," काकू म्हणाल्या. "आता मला उचलता येतंय, तर हिला चालायचंय."

ठेवलं खाली. दार उघडं होतं, पोर सुटली. काकू मागे. मी ओरडलो, काकू, कापूस दाबून धरा. तो दारातच पडला होता.

"रिपोर्ट यायचा तसा येईल," जिन्यातून आवाज आला. "आधी ही सापडू दे."